शहराच्या शाळांचे प्रगतिपुस्तक

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात झालेले व्याख्यान)



गुणगौरवाच्या समारंभात पाहुण्याने काय बोलावे याचा एक शिरस्ता ठरून गेला आहे. यशस्वी मुलांचे कौतुक करावे, मागे राहिलेल्यांस अधिक परिश्रमांचा उपदेश करावा, आईबापांस धन्यवाद द्यावेत आणि अल्पोपाहाराची वेळ टळण्यापूर्वी खाली बसावे. हा शिरस्ता सोयीचा आहे व तो मोडण्यात काही मोठा पुरुषार्थ आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यकारिणीने आम्हांस दिले, आणि इतक्या वर्षांच्या शिक्षकी पेशात जो प्रश्न आमची पाठ सोडीत नाही तोच आज आपणापुढे मांडावा असे आम्ही ठरविले. मुलाचे प्रगतिपुस्तक दर सत्रास घरी येते, वडील ते पाहतात आणि त्याखाली सही करतात. शाळेचे प्रगतिपुस्तक कोण लिहितो? आणि एका शाळेचे नव्हे, तर लोकांच्या करातून चालणाऱ्या शेकडो शाळांचे, म्हणजे अवघ्या शहराचे प्रगतिपुस्तक लिहावयाचे झाले तर त्यात कोणते विषय घालावेत, गुण कोणी द्यावेत आणि ते खरे आहेत की नाहीत हे कोणी पाहावे?

हा प्रश्न आपल्या ज्ञातीस परका नाही. या सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाटीवरची पहिली अक्षरे नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या शाळेत गिरविली. पुढे हाती चार पैसे आले तशी आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी मुलांस खाजगी शाळांत घातले, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ते चार पैसे सर्वांच्याच हाती आले नाहीत. मुंबईत महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ भाषांतून शाळा चालविते. त्या शाळांत आपल्याही घरांतील मुले बसतात, परंतु या व्यासपीठावर बक्षीस घ्यावयास ती क्वचितच येतात. ती का येत नाहीत, याचा विचार आम्ही शेवटी करणार आहोत. तत्पूर्वी आपणांस थोडे दूर, अमेरिकेस नेण्याची अनुज्ञा असावी. शहरांच्या शाळा मोजण्याचा प्रयोग त्या देशाने जितक्या धडाडीने केला आणि त्यातील फजिती जितक्या उघडपणे लिहून ठेवली, तितकी दुसऱ्या कोणी क्वचितच ठेवली असेल.

तेथील व्यवस्था आपल्याहून निराळी आहे. बहुतेक ठिकाणी शाळा या नगरपालिकेचे एक खाते नसतात. एखाद्या शहरातील सर्व सार्वजनिक शाळा मिळून एक स्वतंत्र संस्था होते. तिला ते 'स्कूल डिस्ट्रिक्ट', म्हणजे शालेय जिल्हा म्हणतात. तिचे मंडळ बहुधा लोकांनी निवडलेले असते आणि कारभार पाहण्यासाठी ते मंडळ एक सुपरिंटेंडेंट नेमते. शहर चांगले शिकविते की वाईट, याची जबाबदारी अशा रीतीने एका माणसाच्या शिरावर येते, हे लक्षात ठेवावयास हवे.

८ जानेवारी २००२ रोजी अध्यक्ष धाकटे बुश यांनी एका कायद्यावर सही केली. एकही मूल मागे राहू नये, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन व गणित या विषयांत परीक्षा घ्यावी, निकाल जाहीर करावेत, आणि केवळ शाळेची सरासरी न सांगता गोरी मुले, काळी मुले, गरीब मुले, अपंग मुले, इंग्रजी न येणारी मुले अशा प्रत्येक गटाचा आकडा वेगळा सांगावा, असे त्या कायद्याने फर्माविले. यातील शेवटची अट आम्हांस फार मोलाची वाटते. शंभर मुलांच्या शाळेत नव्वद मुले सुखवस्तू घरची व दहा मुले मोलमजुरी करणारांची असली, तर सरासरी उत्तम येते. त्या दहांचे काय झाले, हे सरासरीस विचारता येत नाही. आपल्याकडे मोजमापाचा तिटकारा करणारे पुष्कळ सज्जन आहेत. त्यांची स्वतःची मुले सहसा त्या दहांत नसतात, असे आमचे निरीक्षण आहे.

परंतु त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. २०१४ सालापर्यंत देशातील शंभर टक्के मुले ठरविलेल्या पायरीवर आलीच पाहिजेत, आणि ज्या शाळा दरवर्षीचा हप्ता पुरा करणार नाहीत त्यांच्यावर चढत्या भाजणीने कारवाई व्हावी, असे त्यात लिहिले होते. शंभर टक्के! ज्याने आयुष्यात एकदा जरी वर्गावर उभे राहून चाळीस मुलांस भागाकार शिकविला असेल, त्यास या आकड्याचा अर्थ कळेल. २०१४ उजाडले, शंभर टक्के झाले नाहीत, आणि पुढल्याच वर्षी डिसेंबरात दुसरा कायदा येऊन तो गुंडाळला गेला. मधल्या काळात काय घडले, ते आता ऐकावे.

जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १९२९ साली याच शहरी झाला आणि तेथील बुकर टी. वॉशिंग्टन या सार्वजनिक शाळेतून ते कॉलेजात गेले. १९५९ साली ते भारतात आले होते, तेव्हा मुंबईसही त्यांचे पाय लागले. त्या शहराच्या सार्वजनिक शाळांतील बहुसंख्य मुले काळी आणि गरीब. १९९९ साली तेथे बेव्हर्ली हॉल या विदुषी सुपरिंटेंडेंट म्हणून आल्या. जन्म जमैकाचा, स्वभाव करडा, आणि गरिबी ही न शिकविण्याची सबब होऊ शकत नाही अशी निष्ठा. या निष्ठेत वाईट असे काय आहे? आम्ही स्वतः तीच बाळगून आहो. त्यांनी प्रत्येक शाळेस दरवर्षाचे लक्ष्य ठरवून दिले. ते गाठणाऱ्या शाळेच्या सर्व नोकरवर्गास बक्षिसी मिळे. मुख्याध्यापकांस तीन वर्षांची मुदत असे, तेवढ्यात लक्ष्य साधले नाही तर दुसरा माणूस येई. वर्षातून एकदा जॉर्जिया डोम नामक विशाल क्रीडागृहात सर्व शिक्षकांचे संमेलन भरे. लक्ष्य गाठलेल्या शाळांची मंडळी खाली मैदानावर मानाने बसत आणि न गाठलेल्यांची वर प्रेक्षकांच्या बाकांवर. आकडे दर साली चढू लागले. २००९ साली बाईंना देशातील सर्वोत्कृष्ट सुपरिंटेंडेंट हा बहुमान मिळाला. त्यांच्या कारकिर्दीत त्यांस स्वतःस मिळालेली बक्षिसीची एकूण रक्कम पाच लाख डॉलरांहून अधिक होती.

मग एका वर्तमानपत्रास शंका आली. अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन या दैनिकाच्या बातमीदारांनी २००८ च्या अखेरीस व पुन्हा २००९ साली निकालांची आकडेमोड करून दाखविले, की काही शाळांची झेप मनुष्यस्वभावाशी जुळणारी नाही. वसंतात नापास झालेली मुले उन्हाळ्यातील फेरपरीक्षेत एकाएकी पंडित कशी होतात? तेव्हा राज्य सरकारने एक साधी पण विलक्षण तपासणी करविली. ही परीक्षा शिसपेन्सिलीने गोळे काळे करण्याची असते. यंत्र तो काळा गोळा वाचते, आणि त्याच यंत्रास खोडरबराने पुसलेल्या गोळ्याची करडी खूणही दिसते. मूल एखाददुसरे उत्तर बदलते, त्यातही कधी बरोबरचे चूक करते, कधी चुकीचे बरोबर. परंतु अटलांटाच्या कित्येक वर्गांत चुकीचे पुसून बरोबर केल्याच्या खुणा राज्याच्या सर्वसाधारण प्रमाणाच्या कैक पट निघाल्या. पुढे तपासणी अधिकाऱ्यांनी याचे वर्णन करताना त्या क्रीडागृहाचाच दाखला दिला. तेथे जमलेल्या समुदायात एखादा सात फूट उंचीचा मनुष्य दिसला तर नवल नाही. पण सगळे क्रीडागृह सात फुटी माणसांनीच भरलेले दिसले, तर ही माणसे कोणी तरी निवडून आणली आहेत हे सांगावयास पंडित लागत नाही.

राज्यपाल सनी पर्ड्यू यांनी २०१० साली खास तपासणी अधिकारी नेमले आणि २०११ च्या उन्हाळ्यात त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. छप्पन्न शाळा तपासल्या, त्यांपैकी चव्वेचाळीस शाळांत लबाडी आढळली. १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे निघाली. त्यांत मुख्याध्यापकच ३८. ब्याऐंशी जणांनी स्वतः कबुली दिली. अहवालातील तपशील वाचताना शिक्षकाच्या पोटात कालवते. एका शाळेच्या शिक्षकांनी सुटीच्या दिवशी एकीच्या घरी जमून उत्तरे पुसून नवी भरली. कोठे बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातमोजे घातले गेले. एका मुख्याध्यापकाने, मुलांस कमी गुण पडले म्हणून, भर बैठकीत एका शिक्षकास टेबलाखाली रांगावयास लावले. ही माणसे जन्मजात लबाड होती असे आम्हांस वाटत नाही. त्यांतील पुष्कळ जण गरीब वस्तीत हौसेने शिकविणारी, मुलांस पदरच्या पैशाने वह्या-पेन्सिली देणारी होती. भय आणि बक्षिसी ही दोन माणसे एकाच दाराने आत आली की प्रामाणिकपणा मागच्या दाराने निघून जातो.

२०१३ साली पस्तीस जणांवर आरोप ठेवण्यात आले आणि १ एप्रिल २०१५ रोजी बारांपैकी अकरा जण दोषी ठरले. बेव्हर्ली हॉल यांनी आपण दोषी असल्याचे अखेरपर्यंत नाकारले. त्या दुखणाईत असल्यामुळे त्यांच्यावरील खटला उभाच राहिला नाही आणि निकालाच्या आदल्या महिन्यात त्यांचे निधन झाले. शिक्षकांस शिक्षा झाल्या, त्यावर तिकडे पुष्कळ वाद झाला, अद्यापही होतो. आम्हांस मात्र दुसरीच एक गोष्ट अधिक जाचते. ज्या मुलास वाचता येत नव्हते, त्याच्या नावापुढे 'वाचता येते' असे लिहिले गेले. अशा मुलास ज्यादा शिकवणी मिळावयाची, ती मिळाली नाही. कारण कागदावर ते हुशार होते. मागे पडलेल्या शाळेस मिळणारे विशेष अनुदान बंद झाले. कारण कागदावर ती शाळा पुढे गेली होती. चोरी झाली ती सरकारच्या तिजोरीतून थोडी आणि त्या मुलाच्या दप्तरातून फार.

येथे एक गोष्ट सांगितली नाही, तर आमचे कथन एकांगी होईल. अमेरिकेत १९६९ पासून आणखी एक राष्ट्रीय चाचणी घेतली जाते; तिला 'नेप' म्हणतात. तिची रीत उलटी आहे. ती प्रत्येक मुलाची घेत नाहीत, नमुना म्हणून निवडलेल्या मुलांची घेतात. एका मुलास सगळी प्रश्नपत्रिका न देता तिचा एक तुकडाच देतात. आणि कोणत्याही मुलाचा, शिक्षकाचा वा शाळेचा निकाल त्यातून काढीत नाहीत. शिंपी ज्याप्रमाणे ताग्याचा लहानसा तुकडा धुऊन कापड आटते की नाही ते पाहतो, तशी ही चाचणी. तिच्यावर कोणाची बढती नाही, कोणाची बदली नाही. २००२ पासून काही मोठी शहरे स्वेच्छेने तिच्यात वेगळा निकाल मागू लागली, त्यांत अटलांटा होते. या चाचणीतही अटलांटाच्या मुलांची काही प्रगती दिसत होती! म्हणजे ढोल पिटला गेला तितकी नव्हे, परंतु खरी. ती खरी प्रगती खोट्या आकड्यांखाली अशी गाडली गेली, की पुढे तिच्यावर कोणी विश्वास ठेवीना. प्रामाणिक शिक्षकांचे श्रम त्या ढिगाऱ्याखाली गेले ते गेलेच.

या दोन चाचण्यांतील भेद घरगुती दृष्टांताने सांगतो. आजाऱ्याचा ताप पाहण्यास तापमापक लागतो, त्यावाचून वैद्य आंधळा. पण परिचारिकेस जर सांगितले की पारा वर चढला तर तुझा पगार कापू, तर आजारी बरा होण्याच्या आधी तापमापक गार पाण्यात बुडेल.

आता थोडक्यात दुसऱ्या दोन शहरांकडे वळू. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या शाळा एके काळी आदर्श मानल्या जात. तेथील सुपरिंटेंडेंट रॉड पेज हे २००१ साली देशाचे शिक्षणमंत्री झाले. तेथे शाळेच्या मूल्यमापनात गळतीचा आकडा महत्त्वाचा होता. २००३ साली असे उघडकीस आले, की शार्पस्टाउन नामक एका हायस्कुलातून एका वर्षात साडेचारशेहून अधिक विद्यार्थी निघून गेले असता कागदोपत्री गळती शून्य होती. गेलेल्या मुलांच्या नावापुढे 'दुसऱ्या शाळेत गेला', 'गावी गेला' अशा निरुपद्रवी कारणांचे संकेतांक घातले होते. मुलास शिकविणे कठीण, त्याचे नाव पटावरून नीट पुसणे सोपे! ही शार्पस्टाउनची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. ती आपणांस पुढे आपल्याच गल्लीत भेटणार आहे.

न्यूयॉर्कचा प्रयोग मात्र बुद्धिमान माणसांचा होता आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्या काळी अकरा लाखांच्या घरात विद्यार्थी असलेला हा अमेरिकेतील सर्वांत मोठा शालेय जिल्हा. २००२ पासून तेथील शाळा महापौरांच्या हाती आल्या होत्या. महापौर ब्लूमबर्ग आणि त्यांचे शिक्षणप्रमुख जोएल क्लाइन यांनी २००७ च्या नोव्हेंबरात प्रत्येक शाळेस ए पासून एफ पर्यंत श्रेणी जाहीर केली. त्यांनी दोन गोष्टी शहाणपणाच्या केल्या. एक म्हणजे सर्वांत जास्त भार त्यांनी मुले कोठे आहेत यावर न देता, वर्षभरात किती पुढे गेली यावर दिला. दुसरी म्हणजे प्रत्येक शाळेची तुलना साऱ्या शहराशी न करता, तिच्यासारखीच मुले घेणाऱ्या सुमारे चाळीस शाळांशीही केली. श्रीमंत वस्तीतील शाळेस निव्वळ श्रीमंतीचे गुण मिळू नयेत, हा हेतू. तो न्याय्य होता. तरीही काय झाले? २००९ साली प्राथमिक व मधल्या शाळांपैकी चौऱ्याऐंशी टक्के शाळांस ए श्रेणी मिळाली! जेथे शंभरांत चौऱ्याऐंशी पहिले येतात, तेथे पहिला या शब्दास काय किंमत राहिली? पुढच्याच वर्षी राज्याने तज्ज्ञांकडून तपास करविला. वर्षानुवर्षे त्याच धर्तीचे प्रश्न येत गेल्याने परीक्षा ओळखीची झाली होती. सबब उत्तीर्णतेची रेषा वर सरकविली गेली. शहरात गणितात पात्र ठरलेल्या मुलांचे प्रमाण ब्याऐंशी टक्क्यांवरून चौपन्नावर आले, वाचनात एकोणसत्तरावरून बेचाळीसावर. मुले तीच, शिक्षक तेच, शाळेची इमारतही तीच. सरकली ती फक्त रेषा. त्या बारा महिन्यांत किती आईबापांनी आपले मूल एकाएकी मठ्ठ झाले असे मानून त्यास बोल लावले असतील, याची नोंद कोठल्याही अहवालात नाही. शाळेस एका अक्षराने तोलण्याची ती पद्धत न्यूयॉर्कने २०१४ साली सोडून दिली.

इंग्लंडात हे सारे शंभर वर्षांपूर्वीच घडून गेले होते, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. १८६२ च्या नियमांनी शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशावर बांधले. स्वतः शाळातपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी त्यास विरोध केला. मुले वाचनपुस्तके तोंडपाठ करू लागली. आणि शतक सरण्यापूर्वी ती पद्धत मोडीत निघाली. परंतु दुसऱ्याच्या अनुभवाने शहाणे होण्याची मनुष्यजातीस सवय नाही.

तर आता घरी येऊ. आपल्याकडे शाळेची कीर्ती मुख्यतः एकाच आकड्यावर ठरते, तो म्हणजे दहावीचा निकाल. जून महिना आला की रस्तोरस्ती फलक लागतात, 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा'. आपण ते वाचतो आणि मुलाच्या प्रवेशासाठी त्या दारी रांग लावतो. पण २०२५ साली अवघ्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला, त्याच्या आदल्या वर्षी ९५.८१. जेथे राज्यच पंचाण्णवाच्या आसपास आहे, तेथे एका शाळेचे शंभर आणि दुसरीचे ब्याण्णव यांतून शिकविण्याचा कस कितीसा कळणार? आणि ते शंभर कशाचे शंभर आहेत? आठवीच्या वर्गात जी मुले होती, ती सगळी दहावीच्या परीक्षेस त्याच शाळेतून बसली काय? नववीत दोनदा अडकवून ठेवलेला मुलगा, 'याला सतरा नंबरचा फॉर्म भरू द्या, बाहेरून बसू द्या' असे गोड शब्दांत सांगून वाटेला लावलेली मुलगी, ही त्या शंभरांत मोजलेली नसतात. शार्पस्टाउन येथे भेटते ते असे. प्रत्येक शाळा असे करते असे आम्ही म्हणत नाही, आणि प्रामाणिक शाळांवर तो अन्यायही होईल. परंतु फलक वाचताना हा प्रश्न विचारण्याचा परिपाठ आपण ठेवीत नाही, हे खरे.

महापालिकेच्या शाळांची गोष्ट याच्या उलट आहे. त्या शाळा कोणासही दार लावू शकत नाहीत. गावाहून आषाढात आलेले मूल, आई धुणीभांडी करते म्हणून धाकट्या भावंडास कडेवर घेऊन येणारी मुलगी, घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी असलेला मुलगा, हे सारे त्यांच्या पटावर असतात. अशा शाळेचा आकडा निवडून घेतलेल्या शाळेच्या आकड्याशेजारी ठेवून 'पाहा, पालिकेच्या शाळा कशा बुडाल्या' असे म्हणणे म्हणजे धर्मार्थ दवाखान्यात मरणारांची संख्या व्यायामशाळेतील मरणारांशी ताडून पाहण्यासारखे आहे. याचा अर्थ पालिकेच्या शाळांस सर्व माफ, असा मात्र नव्हे. पाचवीतील मुलास दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर ते मूल गरीब आहे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. बेव्हर्ली हॉल यांच्या त्या एका निष्ठेशी आम्ही सहमत आहो, हे मघाशी सांगितलेच.

नमुना घेऊन केलेली सर्वेक्षणे आपल्या देशातही होतात. २०१७ व २०२१ साली राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले, डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी व नववीच्या मुलांचे 'परख' सर्वेक्षण झाले. ती उपयोगी आहेत, परंतु ती जिल्ह्याचे चित्र देतात. आपल्या प्रभागातील शाळेविषयी त्यांतून काही कळत नाही, आणि ती शाळेत हजर असलेल्या मुलांचीच होतात. या दृष्टीने 'प्रथम' या संस्थेची रीत आम्हांस अधिक भावते. ही संस्था जन्मली मुंबईच्या झोपडवस्त्यांत, परंतु २००५ पासून तिचे जे 'असर' सर्वेक्षण प्रसिद्ध होते ते ग्रामीण भागाचे. शहर मात्र त्यातून सुटले! त्यातील कार्यकर्ते मुलाची चाचणी शाळेत घेत नाहीत, त्याच्या घरी जाऊन घेतात. अंगणात बसवून अक्षरे, शब्द, चार सोप्या वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट यांपैकी त्यास काय वाचता येते ते पाहतात. पाच-दहा मिनिटांचे काम. घरी जाऊन मोजल्यामुळे कोणाचे नाव पटावरून पुसले गेले आहे याने फरक पडत नाही. मूल जेथे आहे तेथे ते मोजले जाते. ही परीक्षा आपल्या घरातील कोणतीही आजी घेऊ शकेल, आणि तीत खोडरबरास वाव नाही.

आणखी एक साधन कायद्यानेच आपल्या हाती दिले आहे आणि ते आपण गंजत ठेवले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातील निदान तीन चतुर्थांश सभासद विद्यार्थ्यांचे पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर देखरेख करण्याचा आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार तिला आहे. अमेरिकेत जे काम वर्तमानपत्राच्या बातमीदारांस करावे लागले, ते येथे चार सुजाण आयांस करता येईल. किती मुले पटावर आहेत, आज किती आली, गेल्या वर्षीची कोण दिसत नाहीत व ती कोठे गेली, तिसरीतल्या किती मुलांस गोष्ट वाचता येते, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, निवडणुकीच्या व जनगणनेच्या कामास त्यांचे किती दिवस गेले. हे प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. आपल्या ज्ञातीतील किती माता-पिता अशा समित्यांवर आहेत आणि सभेस जातात, याची मंडळाकडे नोंद नाही, ती व्हावी.

आता आजच्या समारंभाविषयी. मंडळाच्या पारितोषिकाच्या अर्जात शेकडा गुणांचा रकाना आहे, आणि ठरलेल्या टक्क्यांच्या खालील अर्ज बाजूस ठेवले जातात. म्हणजे आपणही शाळांस, आणि मुलांस, एकाच आकड्याने मोजतो. ज्यांनी आज बक्षिसे घेतली त्यांच्या श्रमांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. त्यांतील एकाचेही बक्षीस कमी करावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु जोगेश्वरीच्या एका खोलीत पाच माणसांत राहून, नववीतील अडतीस टक्क्यांवरून दहावीस एकसष्टावर आलेल्या मुलाने जी वाट चालली ती कोणत्याही दृष्टीने कमी लांबीची नव्हे. त्याचा अर्ज आपल्याकडे येतच नाही. कारण आपला रकाना त्यास आधीच सांगून ठेवतो की येऊ नकोस. न्यूयॉर्कच्या त्या प्रयोगातून घेण्यासारखी एकच गोष्ट आम्हांस निवडावयास सांगितली, तर ती ही, की मूल कोठे पोचले याबरोबर ते कोठून निघाले हेही लिहावे.

एका स्नेह्याजवळ ही कल्पना काढली, तेव्हा त्यांनी लगेच शंका घेतली, की मग पोरे बक्षिसासाठी नववीत मुद्दाम कमी गुण मिळवतील. शंका अगदीच हसण्यावारी नेण्याजोगी नाही. अटलांटाची हकीकत ऐकल्यावर तर मुळीच नाही. म्हणून या नव्या बक्षिसाची रक्कम मोठी नसावी, त्याचा निकाल केवळ आकड्यांवर न ठरविता समितीतील दोघांनी मुलाच्या घरी व शाळेत जाऊन, शिक्षकांशी बोलून ठरवावा, आणि त्या भेटीत घरातील लहान भावंडांचे वाचनही ऐकून यावे, अशी आमची सूचना आहे. त्यातून हळूहळू आपल्या ज्ञातीची मुले कोणकोणत्या सार्वजनिक शाळांत आहेत आणि तेथे त्यांचे काय चालले आहे याचे एक टिपण तयार होईल. ते टिपण शाळांची नावे घेऊन फलकावर लावण्यासाठी नसावे. ते घेऊन मंडळाच्या शिष्टमंडळाने महापालिकेच्या विभागीय शिक्षण अधिकाऱ्यांस भेटावे, आणि जेथे शिक्षक कमी तेथे शिक्षक, जेथे वाचन कच्चे तेथे ज्यादा वर्ग मागावेत.

अर्जाचा सुधारलेला नमुना आम्ही लिहून आणला आहे व तो चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. त्यात दोन रकाने अधिक आहेत: आदल्या वर्षीचे गुण, आणि शाळेत सोबत शिकणारी व यंदा शाळा सोडलेली ज्ञातीतील मुले. दुसरा रकाना मुलांकडून भरून घ्यावा. त्यांस ते मोठ्यांहून अधिक ठाऊक असते. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घेण्याचे अध्यक्षमहाराजांनी मान्य केले आहे. त्या सभेस उपस्थिती नेहमी या समारंभाहून पुष्कळ कमी असते, सबब आपण अवश्य यावे, एवढी विनंती.